एकच ट्यूब, घरभर खाज

प्रश्न: ताई, आम्ही घोडबंदर रोडला राहतो. पाऊस सुरू झाला की आमच्या घरात कुणी ना कुणी खाजवत असतंच. पाच वर्षांच्या मुलाला डास चावला की टम्म फुगतं आणि तो रक्त येईपर्यंत ओरबाडतो. मिस्टरांना दोन महिने कमरेच्या पट्ट्याखाली आणि जांघेत खाज आहे. सासूबाई (वय ७१, डायबेटिस, काचबिंदूचे थेंब चालू) रात्री पोटऱ्या खाजवत बसतात. घरात तीन औषधं आहेत. एक गुलाबी लोशन, त्यावर कॅलामाइन आणि डायफेनहायड्रामिन लिहिलंय. दुसरी छोटी ट्यूब, डॉक्सेपिन ५ टक्के, गेल्या वर्षी स्किनच्या डॉक्टरांनी सासूबाईंना दिलेली. तिसरी मिस्टरांनी मेडिकलमधून आणली, तिच्यावर क्लोबेटासोल, ओफ्लॉक्सॅसिन अशी चार नावं आहेत. सासूबाईंचं म्हणणं, खाजेचं औषध ते खाजेचं औषध, हाताला येईल ते लावा. मला धास्ती वाटते. अँटिहिस्टामिन क्रीम कुणाला, किती वेळा, किती दिवस चालते? मुलाला लावू का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: आधी शाबासकी घ्या. ट्यूबवरची मुंगीएवढी अक्षरं वाचून तुम्ही नावं उतरवून पाठवलीत. मी फार्मासिस्ट, ठाण्यातच मेडिकलच्या काउंटरमागे उभी असते. तिथे "ती पांढरी ट्यूब द्या, हिरव्या टोपणाची" एवढ्यावर औषध मागितलं जातं आणि बऱ्याचदा मिळतंही. भानगडी तिथूनच सुरू होतात.

सासूबाईंचं म्हणणं मात्र मला पटत नाही. तुमच्याकडे तीन माणसं खाजवतायत आणि तिघांची कारणं वेगळी दिसतात. तीन औषधांपैकी दोनच अँटिहिस्टामिन आहेत, लोशनमधलं डायफेनहायड्रामिन आणि सासूबाईंचं डॉक्सेपिन; तिसरं भलतंच आहे. आणि अँटिहिस्टामिनला या तिघांपैकी एकाच्याच खाजेत खरी जागा आहे, ती म्हणजे मुलाच्या.

डास चावतो तेव्हा कातडीत थोडी लाळ सोडतो. ती परकी आहे हे शरीर ओळखतं आणि कातडीतल्या काही पेशी हिस्टामिन नावाचं रसायन बाहेर टाकतात. त्याने बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, पाणी झिरपतं, गांध येते आणि खाज सुटते. अँटिहिस्टामिन करतं एवढंच, की हिस्टामिनच्या बसायच्या जागा आधीच अडवून ठेवतं. लोकलमध्ये खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसं. म्हणून चावल्यावर लवकर लावलं तर गुण येतो, गांध येऊन तासन् तास झाल्यावर कमी येतो. आणि जी खाज हिस्टामिनमुळे सुटलेलीच नाही, तिथे ट्यूब रिकामी केलीत तरी फरक पडत नाही.

आता हे पाठ्यपुस्तकी वाटेल, पण तुमच्या घराजवळच याचं उदाहरण आहे. येऊरच्या जंगलात पावसाळा सरला की खाजकुइलीच्या शेंगा धरतात, तांबूस मखमली लव असलेल्या. त्या लवेचा एक धागा अंगाला लागला तरी माणूस नाचायला लागतो. त्या केसांत एक प्रथिन असतं आणि ते हिस्टामिनला बाजूला ठेवून खाजेच्या नसांना थेट डिवचतं. म्हणून खाजकुइलीवर अँटिहिस्टामिनचा फारसा पाड लागत नाही. तिथे हाताने चोळायचं नाही. चिकटपट्टी त्या जागेवर दाबून ओढायची म्हणजे केस निघून येतात, मग साबण-पाणी. शेवग्यावरच्या केसाळ सुरवंटालाही हीच युक्ती.

पावसाळ्यात दिव्याला येणारा तो काळा-नारिंगी, मुंगीसारखा लांबट किडा, ज्याला लोक ॲसिड फ्लाय म्हणतात, तोही याच यादीत घाला. तो चावत नाही की डंख मारत नाही. आपण त्याला मानेवर चिरडतो आणि त्याच्या अंगातला रस कातडी भाजतो. दुसऱ्या दिवशी चाबकाचा वळ उठावा तशी लाल रेघ आणि आग. तिथे तुमचं गुलाबी लोशन कामाचं नाही. किडा अंगावर दिसला तर फुंकर मारून उडवा, चिरडला गेलाच तर जागा लगेच साबणाने धुवा, आणि तो हात डोळ्याला लावू नका.

आता चिरंजीव. घोडबंदर रोडला एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला खाडी, त्यामुळे डास तुमच्या पाचवीला पुजलेले. खिडक्यांना जाळी, रात्री मच्छरदाणी, संध्याकाळी पूर्ण बाह्या, कुंड्यांखालच्या बशा कोरड्या. हे सगळं तुम्ही करत असालच, पुढे जाऊ.

चावल्यावर पहिला उपाय ट्यूब नव्हे, गारवा. रुमालात बर्फ गुंडाळून पाच-दहा मिनिटं धरा. थंडाव्याने खाजेची जाणीव खरोखर दबते. मग नुसतं कॅलामाइन, ज्यात दुसरं काही मिसळलेलं नाही असं, कापसाने टिपा. बऱ्याच मुलांचं एवढ्यावर भागतं. नखं मात्र दर रविवारी कापा. त्याच्या ओरबाडण्याने जेवढं नुकसान होतंय तेवढं डासाने केलेलं नाही.

तरीही गांध मोठी आणि खाज अनावर असेल तर तुमचं गुलाबी लोशन वापरता येईल. बालरोगतज्ज्ञांना एकदा विचारून घ्या. दोन वर्षांखालच्या बाळाला हे मिश्रण लावायचंच नाही, पाच वर्षांच्या मुलाला विचारून आणि बेताने. बेताने म्हणजे कसं ते सांगते. बाटली हलवा, कारण कॅलामाइन तळाशी बसतं. कापसाच्या बोळ्याने फक्त गांधीवर टिपा, हातभर फासू नका. दिवसातून दोन-तीन वेळा पुरे. तीन दिवसांत उतार नसेल तर थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं, चौथ्या दिवशी "अजून थोडं" नाही. डोळ्यांजवळ, ओठांवर, शूच्या जागी नाही. वर पट्टी बांधायची नाही, कारण झाकल्या जागी औषध जास्त आत शिरतं. लावून भर उन्हात खेळायला सोडायचं नाही, या औषधाने काहींची कातडी उन्हाला चिडते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सोललेल्या कातडीवर नाही. तुमचा मुलगा रक्त काढेपर्यंत खाजवतो म्हणता, म्हणजे अर्ध्या जागा आधीच बाद झाल्या. त्या नुसत्या साबण-पाण्याने धुऊन कोरड्या ठेवा. तिथे पिवळी खपली धरली किंवा पू झाला तर तो जंतुसंसर्ग, त्याचं औषध वेगळं.

सोललेल्या जागेचा एवढा बाऊ का? कारण धडधाकट कातडी हे औषध फारसं आत जाऊ देत नाही, पण सोललेली कातडी म्हणजे उघडं दार. डायफेनहायड्रामिन रक्तात गेलं की आधी गुंगी आणते. मुलांमध्ये उलटही होतं: चिडचिड, असंबद्ध बडबड, नसलेल्या गोष्टी दिसणं, हृदयाचे ठोके वाढणं. कांजिण्यांत आई-वडिलांनी पोराला डोक्यापासून पायापर्यंत हे लोशन फासलं, वर तेच औषध पोटातूनही दिलं, आणि पोर भ्रमात गेलं, असे प्रकार वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत. म्हणून कांजिण्या किंवा गोवराच्या पुरळावर हे लोशन डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अजिबात नाही.

आणि "पोटातूनही" हा शब्द परत वाचा. खोकल्याची काही नेहमीची सिरपं डायफेनहायड्रामिनचीच असतात. घरात सिरप चालू आहे, अंगाला लोशन चालू आहे, आणि दोन्हींत एकच औषध आहे हे कुणाच्या गावी नसतं. ज्या तत्परतेने तुम्ही ट्यूब वाचलीत, त्याच तत्परतेने सिरपची बाटलीही वाचा.

अजून एक गोष्ट, जिच्यामुळे आम्ही लोक या क्रीम्सबद्दल जरा हात राखून बोलतो. ॲलर्जीवरचं हे औषध कातडीला लावलं की काहींना त्याचीच ॲलर्जी होते. लगेच नाही, बहुतेकदा दोनेक दिवसांनी. ओळखायचं कसं? चावल्याची गांध गोल असते. औषधाची ॲलर्जी मात्र औषध जिथे गेलं तिथे दिसते: लोशन मनगटापर्यंत ओघळलं असेल तर लालीही मनगटापर्यंत ओघळलेली. खाज कमी व्हायच्या ऐवजी वाढते, बारीक पाण्याचे फोड येतात. अशा वेळी लोक घाबरून आणखी थापतात. तुम्ही धुऊन टाका, बंद करा आणि त्या औषधाचं नाव मुलाच्या फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. पुढे कुणी तेच औषध गोळी किंवा सिरपमधून दिलं तरी त्रास होऊ शकतो. ज्याला मुळात एक्झिमा आहे त्याने तर या वाटेला जाऊच नये.

आपल्याकडे "अंगावर पित्त उठलं" म्हणतात, म्हणजे अंगभर गांधी येतात, त्यावर हे क्रीम पुरं पडत नाही. तिथे पोटातली गोळी लागते आणि ती डॉक्टर वयाप्रमाणे ठरवतात. आमसुलाचं पाणी लावायचं असेल तर खुशाल लावा, गार वाटतं आणि न फुटलेल्या कातडीला अपाय नाही. चुना मात्र कशावरच लावू नका, तो भाजतो. आणि गांधींसोबत ओठ किंवा जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, श्वास अडकला, उलटी-चक्कर आली, तर आमसूलही नाही आणि ट्यूबही नाही. थेट १०८ किंवा जवळचं हॉस्पिटल.

मिस्टर. ही दोन महिन्यांची जांघेची खाज मला न बघताही नायट्याची, म्हणजे बुरशीची वाटते. बघून घ्या: कडेला लाल, किंचित उठलेली, खवलेदार कड आणि मध्ये कातडी जरा निवळलेली, असं गोल किंवा अर्धगोल चट्टं आहे का? पावसात भिजलेली जीन्स, लोकलची गर्दी, दिवसभर घाम, घरी न वाळलेली अंतर्वस्त्रं. बुरशीला आणखी काय हवं!

त्यांची ट्यूब अँटिहिस्टामिन नाही. क्लोबेटासोल हे सर्वांत जोरकस स्टेरॉइडांपैकी एक आहे. ते लावलं की दोन दिवसांत लाली जाते, खाज थांबते, माणूस खूश. खाली बुरशी मात्र निवांत पसरत राहते, कारण तिच्याशी लढणारी सूजच आपण दाबलेली असते. ट्यूब थांबवली की दुप्पट जोराने उसळते, की पुन्हा ट्यूब. हे चक्र वर्षानुवर्षं चालवणारे लोक मी पाहते. जांघेची नाजूक कातडी त्यात पातळ होते, पांढरट-जांभळे वळ उमटतात आणि ते जात नाहीत. भारतात हट्टी नायटा इतका बोकाळण्यामागे या मिश्र मलमांचा मोठा हात आहे असं त्वचारोगतज्ज्ञ सांगत आलेत. एका बुरशीला तर २०२० साली ट्रायकोफायटन इंडोटिनिए असं नावच दिलं गेलं, आणि टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध तिच्यावर बरेचदा चालत नाही. असं मलम चिठ्ठीशिवाय विकायचं नसतं. २०१८ साली सरकारने आणखी बऱ्याच स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विकायची सूट काढून घेतली. तरी काउंटरवरून ती जातात. आमच्याच धंद्यातली गोष्ट आहे, पण झाकून काय उपयोग?

ट्यूब वाचताना एक ढोबळ खूण लक्षात ठेवा. नावाचा शेवट सोन किंवा सोल असा असेल, म्हणजे बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, तर ते बहुधा स्टेरॉइड. शेवट झोल असेल, क्लोट्रिमाझोल, केटोकोनाझोल, तर बुरशीवरचं. एकाच ट्यूबवर दोन्ही दिसली तर ती ट्यूब स्वतःच्या मनाने वापरायची नाही.

त्यांना स्किनच्या डॉक्टरांकडे पाठवा आणि ती ट्यूब बरोबर द्या. लाजून "काही नाही लावलं" असं सांगू नका म्हणावं, कारण स्टेरॉइडने चट्ट्याचं रूप बदलतं आणि डॉक्टरही चकतात. बुरशीचं औषध आठवडेच्या आठवडे लागतं, चट्टं गेल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर, आणि चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं जागा धरून. टॉवेल वेगळा, कपडे पूर्ण वाळलेले, नाहीतर इस्त्री फिरवलेले.

एक शंका मात्र घरीच फेडून घ्या. एका घरात तिघं खाजवतात म्हटल्यावर मला खरूज आठवतेच. तिघांच्याही बोटांच्या बेचक्या, मनगटं आणि बेंबीभोवतीची जागा उजेडात बघा. बारीक पुरळ दिसलं आणि रात्री खाज वाढत असेल तर सगळ्या घराने एकाच रात्री उपचार घ्यायचे असतात. एकट्यानेच घेतले तर खरूज घरात फिरत राहते.

सासूबाई. यांची डॉक्सेपिनची ट्यूब खरी अँटिहिस्टामिन आहे आणि डॉक्टरांनी दिलेली आहे, पण ती गेल्या वर्षीच्या दुखण्यासाठी होती. हे औषध मुळात नैराश्यावर वापरलं जातं. कातडीतून ते रक्तात जातं आणि झोप आणतं. डॉक्टर ते साधारण आठवडाभरापुरतं देतात, पातळ थर, दोन वेळांत तीन-चार तासांचं अंतर. आपला तळहात बोटांसकट म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. दहा तळहातांपेक्षा जास्त जागेवर लावलं तर गुंगीची शक्यता वाढते. दोन्ही पाय गुडघ्यापासून खाली चोळून काढले की दहा तळहात सहज होतात. मग रात्री लघवीला उठलेली ७१ वर्षांची बाई बाथरूमच्या दारात तोल जाऊन पडली, तर कुणाला ट्यूबचा संशयही येत नाही.

त्यात काचबिंदू. त्याच्या एका प्रकारात, जिथे डोळ्यातल्या पाण्याचा निचरा होण्याची जागा अरुंद असते, हे औषध वर्ज्य आहे. सासूबाईंचा प्रकार कोणता हे त्यांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कागदावर असेल. तो बघेपर्यंत ट्यूब बंद. लघवी अडकण्याचा त्रास असलेल्यांनाही ती चालत नाही, तेव्हा सोसायटीतल्या कुणा आजोबांना "आमच्याकडे चांगली ट्यूब आहे" म्हणून देऊ नका. मुलाला तर नाहीच नाही.

मग त्यांच्या पोटऱ्यांचं काय? पुरळ नसेल आणि कातडी पांढरट, बारीक तडा गेल्यासारखी दिसत असेल, तर ती कोरडेपणाची खाज असण्याची शक्यता मोठी. वयाबरोबर कातडीतला ओशटपणा कमी होतो, त्यात गिझरचं कढत पाणी, भरपूर साबण आणि वर वज्रीने घासणं. यात हिस्टामिनचा भाग थोडा, म्हणून अँटिहिस्टामिनने भागत नाही. पाणी कोमट करा, पोटऱ्यांना रोज साबण नको, आणि अंग टिपल्यावर ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली किंवा साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर सढळ हाताने. रात्री झोपताना पुन्हा. त्यांना खोबरेल तेलाची सवय असेल तर तेही चालेल, फक्त लावून लगेच फरशीवर चालू नका म्हणावं.

त्यांच्या हातातून ट्यूब काढून घ्यायला जाऊ नका, वाद होईल. "डॉक्टरांनी काचबिंदूमुळे थांबवायला सांगितलंय" हे त्या ऐकतील, आणि सुनेपेक्षा मुलाच्या तोंडून आलं तर लवकर ऐकतील. मॉइश्चरायझर त्यांच्या उशाशी ठेवा, म्हणजे रात्री हाताला येईल ते लावायचं म्हटलं तरी तेच हाताला येईल.

पंधरा दिवस नेमाने करून फरक नसेल तर फिजिशियनना सांगा. पुरळ न दिसता सहा आठवड्यांहून जास्त टिकलेली खाज आतल्या कारणांचीही असते. शुगरचं रक्त द्यायला जाल तेव्हाच मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघायचं का, हे विचारा. गेल्या काही महिन्यांत बीपीची किंवा दुसरी कुठली नवी गोळी सुरू झाली असेल तर तीही सोबत न्या.